बुद्धिबळाच्या मोहऱ्यांची नावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हत्तीला सोंड नाही, उंटाला कुबड नाही. मग त्यांना हत्ती आणि उंट का म्हणायचं?

लहान मुलं हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारतात आणि मोठी माणसं बहुतेक वेळा तो उडवून लावतात. उत्तर साधं आहे: नावं आपल्याकडची आहेत आणि मोहरे इंग्लंडमधले. आज जगभर स्पर्धांमध्ये दिसणारा संच १८४९ साली लंडनमध्ये तयार झाला. नॅथॅनिएल कुक यांच्या नावावर त्या घडणीची नोंदणी झाली, जॅक्स कंपनीने तो विकायला काढला आणि त्या काळचे नामवंत खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांचं नाव त्याला चिकटलं. इंग्रजीत कोपऱ्यातल्या मोहऱ्याचा संबंध किल्ल्याशी जोडतात म्हणून त्याला बुरुजाचा आकार मिळाला. आपल्या उंटाला तिकडे बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, म्हणतात, म्हणून त्याच्या डोक्यावर बिशपची उंच टोपी आली. उंटाच्या माथ्यावर जी तिरकी खाच दिसते, ती त्या टोपीची फट आहे. नाव आणि रूप दोन्ही जुळतं ते फक्त घोड्याचं.

म्हणजे घोड्याला सगळीकडे घोडाच म्हणतात?

जवळजवळ. फारसीत अस्प, अरबीत फरस, रशियनमध्ये कोन, तुर्कीत आत, स्पॅनिशमध्ये काबायो, इंडोनेशियात कुडा. सगळ्यांचा अर्थ घोडा. काहींनी घोड्याऐवजी स्वाराचं नाव घेतलं: फ्रेंच कव्हालिए, इंग्रजी नाइट, हंगेरियन हुसार. जर्मन आणि पोलिश लोकांनी त्याची चाल पाहिली. जर्मन श्प्रिंगर आणि पोलिश स्कोचेक या दोन्हींचा अर्थ उडी मारणारा. त्याची चालही मुळापासून आजपर्यंत बदललेली नाही. ती ‘अडीच घरं’ अशी मोजायची आपली पद्धत मला फार आवडते. त्यातलं अर्धं घर कुठलं, यावर मात्र वाद घालू नये.

मूळ भारतीय नावं कोणती होती?

खेळाचं नाव चतुरंग, म्हणजे सैन्याची चार अंगं: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. त्यांच्या मधोमध राजा आणि त्याचा मंत्री. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षाच्या राज्याचं वर्णन करताना श्लेष साधला आहे. या राज्यात चतुरंगाची रचना दिसते ती फक्त अष्टापदावर, असं तो म्हणतो. अष्टापद म्हणजे आठ बाय आठ घरांचा पट. रणांगणावर सैन्य उभं करायची वेळच येत नाही, असं सुचवायचं होतं.

हा खेळ इराणात गेला तेव्हा तिथल्या लोकांनी एकेका नावाचं भाषांतर केलं: शाह, फर्जीन, पील, अस्प, रुख, पियादा. फर्जीन म्हणजे राजाचा सल्लागार, पील म्हणजे हत्ती आणि रुख म्हणजे रथ. पुढे अरबांनी इराणकडून खेळ घेतला. अरबीत ‘प’ नसल्यामुळे पीलचा फील झाला. युरोपला हा खेळ मिळाला तो मुख्यतः अरबांकडून. त्या वाटेवर प्रत्येक नावाचं तीनपैकी एक काहीतरी झालं: कुणी अर्थ उचलला, कुणी अर्थ न कळता नुसता उच्चार उचलला, तर कुणी मोहऱ्याच्या आकाराकडे बघून नवंच नाव दिलं. पुढची बहुतेक उत्तरं या तीन वाटांवरच सापडतात.

मराठीत रथ कुठे गेला?

कोपऱ्यातली त्याची जागा हत्तीने घेतली आणि हत्तीची मूळची जागा उंटाने. हिंदीतही असंच आहे. लढाईतून रथ केव्हाच बाद झाले होते आणि सरळ रेषेत मुसंडी मारणारा प्राणी म्हणून हत्ती लोकांना अधिक पटला असावा, हे कारण मला तरी योग्य वाटतं. मात्र ही अदलाबदल अलीकडची समजू नका. नवव्या शतकातला अरब खेळाडू अल-अदली यानेही भारतात कोपऱ्यात हत्ती ठेवून खेळतात, असं लिहिलेलं आहे.

भारतीय भाषांचं आपसात मुळीच एकमत नाही. मल्याळममध्ये कोपऱ्यात तेर, म्हणजे रथ, आणि आपल्या उंटाच्या जागी आना, म्हणजे हत्ती. म्हणजे जुनी मांडणी जशीच्या तशी. शेजारच्या तेलुगूत नेमकं उलट: कोपऱ्यात एनुगु, म्हणजे हत्ती, आणि तिरक्या चालीचा तो शकटु, म्हणजे गाडा. तमिळमध्ये आपल्या उंटाला मंत्री म्हणतात. त्यामुळे तमिळ आणि मराठी खेळाडू ‘मंत्री मारला’ यावर बोलू लागले, तर एकाच्या मनात वजीर असतो आणि दुसऱ्याच्या मनात उंट. बंगालीत उंटाच्या जागी गज आहे आणि कोपऱ्यात चक्क नौका.

मूळ नावांच्या सर्वांत जवळची भाषा कोणती?

माझं मत मल्याळमला. राजाव, मंत्री, आना, कुदिरा, तेर, कालाळ. राजा, मंत्री, हत्ती, घोडा, रथ, पायदळ. एकही मोहरा हरवलेला नाही. इंडोनेशियाही मागे नाही. तिथे खेळालाच चातुर म्हणतात. उंटाच्या जागी गाजा आहे आणि वजिराला मंतरी. कोपऱ्यात मात्र किल्ला आला आहे.

पटावर उंट आणणारे फक्त आपणच का?

नाही. मंगोलियातल्या शतर या खेळात त्याच मोहऱ्याला तेमे म्हणतात, म्हणजे उंटच. त्यांच्या कोपऱ्यात तेरेग, म्हणजे गाडी असते. तैमूरलंगाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या पटाच्या खेळातही उंट होता. पण तो तिथे जादा मोहरा होता आणि घोड्यासारखीच, पण एक घर लांब उडी मारायचा. आपल्या उंटाशी त्याचं साम्य फक्त नावाचं.

इंग्रजीतल्या ‘रूक’चा अर्थ काय?

खेळापुरतं बोलायचं तर इंग्रजीत त्याला दुसरा अर्थ नाही. तो फारसी रुखच आहे. उच्चार पोचला, रथ वाटेत राहिला. कावळ्याच्या जातीतल्या एका पक्ष्यालाही इंग्रजीत रूक म्हणतात, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

उच्चार तर आहे, पण अर्थ नाही, अशी स्थिती आली की लोक जवळचा शब्द शोधतात. इटालियनमध्ये रोक्को या उच्चाराशेजारी रोक्का, म्हणजे गढी, हा शब्द तयारच होता. रुखचा बुरुज झाला तो यामुळेच, असं सर्वसाधारणपणे सांगतात. आज इटालियन आणि स्पॅनिशमध्ये तोर्रे, फ्रेंचमध्ये तूर, जर्मनमध्ये टुर्म. सगळ्यांचा अर्थ बुरुज. तुर्कीत काले, म्हणजे किल्ला. एस्टोनियनमध्ये मात्र अजून वांकर, म्हणजे गाडा, आहे.

जुना उच्चार एका ठिकाणी टिकून आहे. राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याला आपण किल्लेकोट म्हणतो. त्या चालीला जर्मनमध्ये रोखाडे आणि स्पॅनिशमध्ये एनरोके म्हणतात. दोन्हींत रुख शाबूत आहे.

रशियन लोक हत्तीला होडी म्हणतात, हे खरं आहे का?

खरं आहे. रशियन नाव लाद्या आणि त्याचा अर्थ होडी. आर्मेनियन नावाक, थाई रुआ आणि बंगाली नौका यांचाही अर्थ तोच. बंगालपुरतं सांगायचं तर चार जणांनी फासे टाकून खेळायच्या चतुराजी या खेळात नौका हा मोहरा होता आणि तिथल्या संस्कृत ग्रंथात तशी नोंद आहे. नद्यांच्या मुलखात सैन्य होड्यांतून जायचं, तेव्हा पटावर होडी येण्यात नवल नाही. एवढ्या लांबलांबच्या भाषांत एकच कल्पना कशी पोचली, यावर अनेक तर्क आहेत. घाईने कुठलाही स्वीकारू नये, एवढंच माझं म्हणणं.

रशियात घरगुती खेळात लाद्याऐवजी तुरा असंही ऐकू येतं. तो फ्रेंच तूरचा भाऊ.

उंटाला प्रत्येक देशात वेगळंच नाव कसं?

सगळ्यात गमतीचा मोहरा हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अरबीत तो अल-फील, म्हणजे हत्ती. स्पॅनिश लोकांनी उच्चार तसाच घेतला आणि त्याला अल्फिल म्हणू लागले. स्पॅनिशमध्ये या शब्दाला बुद्धिबळाबाहेर स्थान नाही. इटालियन लोकांना मात्र अर्थाशिवाय चैन पडेना. त्यांच्याकडे अल्फिएरे हा शब्द होता, म्हणजे सैन्यातला निशाण धरणारा. उच्चार जवळचा असल्याने हत्तीचा निशाणधारी झाला.

फ्रान्समध्ये त्याहून मजा. तिथे नाव आहे फू, म्हणजे वेडा किंवा दरबारातला विदूषक. एक बाजू म्हणते की ‘फील’चाच उच्चार घसरत इथवर आला. दुसरी बाजू आकाराकडे बोट दाखवते. इस्लामी देशांत मोहरे सहसा प्राण्यांच्या आकारात कोरत नसत. साधा दंडगोल आणि हत्तीची खूण म्हणून वर दोन टोकं, म्हणजे सुळे. ज्याने हत्ती पाहिलेला नाही, त्याला ती दोन टोकं विदूषकाच्या टोपीसारखी दिसली आणि इंग्लंडमध्ये बिशपच्या दुभंगलेल्या टोपीसारखी. मला वाटतं दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या असतील. उच्चाराने दार उघडलं आणि आकाराने आत घेतलं. रोमानियनमध्येही तो नेबून, म्हणजे वेडाच.

बिशप कधी आला, याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा आहे. १८३१ साली स्कॉटलंडच्या लुईस बेटावर वॉलरसच्या दातांत कोरलेले मोहरे सापडले. ते बाराव्या शतकातले आहेत. त्यांत बिशप अगदी स्पष्ट ओळखू येतात, टोपी आणि काठीसकट. त्याच संचात कोपऱ्यातले मोहरे सैनिकांचे असून त्यांतले काही स्वतःच्या ढालीला कडकडून चावताहेत. नॉर्स कथांमधले उन्मत्त योद्धे असे वागत. बिशप हे नाव आइसलँडिकमध्ये आणि पोर्तुगीजमध्येही आहे.

बाकीच्यांनी चाल किंवा काम बघितलं. जर्मन लॉयफर आणि डच लोपर म्हणजे धावणारा, हिब्रू रात्सही तसाच. पोलिश गोनियेत्स आणि फिनिश लाहेत्ती म्हणजे निरोप्या. चेक स्त्रेलेत्स म्हणजे नेमबाज, एस्टोनियन ओदा म्हणजे भाला, बल्गेरियन ओफित्सेर म्हणजे अधिकारी. आणि एवढ्या गर्दीत रशियन लोक शांतपणे अजूनही त्याला स्लोन म्हणतात, म्हणजे हत्ती. तुर्कीतही फील आहेच.

वजिराची राणी कधी आणि का झाली?

नाव आधी बदललं आणि ताकद नंतर आली, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. स्वित्झर्लंडमधल्या आइनसीडेल्नच्या मठातल्या, सुमारे इ. स. १०००च्या एका लॅटिन कवितेत राजाशेजारी रेजिना, म्हणजे राणी, उभी आहे. फर्जीन म्हणजे काय हे युरोपात कुणाला ठाऊक नव्हतं. राजाला चिकटून कोण उभं असणार, याचं त्यांच्या दरबारातलं सरळ उत्तर होतं राणी.

पण ही राणी अगदी दुबळी होती. जुना वजीर एका वेळी एकच घर तिरका जाई. त्यामुळे ६४ पैकी निम्मी, म्हणजे एकाच रंगाची ३२ घरं त्याला मिळत. हत्तीची, म्हणजे आजच्या उंटाची, अवस्था याहून बिकट. तो तिरकी दोन घरांची उडी मारी, म्हणून जन्मभरात फक्त ८ घरांत जाऊ शके. कागदावर चौकटी आखून मोजून बघा.

पंधराव्या शतकाच्या शेवटी, १४७५च्या सुमारास, स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरातल्या खेळात राणीला आजची चाल मिळालेली दिसते आणि उंटालाही. डाव झटपट निकाली लागू लागले. इटालियन लोकांनी या नव्या खेळाला पिसाळलेलं बुद्धिबळ म्हटलं आणि फ्रेंचांनी पिसाळलेल्या बाईचं बुद्धिबळ. त्या शब्दांत कौतुक किती आणि चिडचिड किती, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

सगळेच राणीकडे वळले नाहीत. रशियनमध्ये अधिकृत नाव आजही फेर्झ, म्हणजे थेट फर्जीन. तुर्कीत वेझीर. पोलिशमध्ये हेतमान, म्हणजे सेनापती. हंगेरियनमध्ये व्हेझेर, म्हणजे म्होरक्या. इंग्लंडमध्येही चौदाव्या शतकात कवी चॉसर या मोहऱ्याला ‘फर्स’ म्हणतो. स्पॅनिश, फ्रेंच, जर्मनमध्ये राणीऐवजी दामा, दाम, दामे हे शब्द रुळले. त्यांचा अर्थ नुसता बाईसाहेब.

मग मराठीत वजीर म्हणावं की राणी?

दोन्ही कळतं. समोरचा राणी म्हणाला तर त्याला दुरुस्त करत बसू नका. मी स्वतः वजीर म्हणतो, कारण भाषेतली घडण त्याच्याभोवती उभी आहे. ‘प्याद्याचा वजीर झाला’ हे बुद्धिबळ न खेळणाऱ्यालाही समजतं. ‘प्याद्याची राणी झाली’ म्हटलं की पटावरचं समजतं, पण म्हणीचा दम निघून जातो. वजीर हा शब्द अरबीतून आला आहे. त्यामुळे शुद्ध स्वदेशी नाव म्हणून त्याची बाजू मांडू नये. तसं हवं असेल तर मंत्री म्हणावं लागेल.

प्यादं आणि इंग्रजी ‘पॉन’ यांचं काही नातं आहे का?

आहे आणि जवळचं आहे. प्यादं हा फारसी पियादा, म्हणजे पायी चालणारा. पॉन, फ्रेंच पियाँ आणि स्पॅनिश पेओन हे लॅटिनमधल्या पायी सैनिकाच्या शब्दावरून आले. दोन्हींच्या मुळाशी पायाचा तोच प्राचीन धातू आहे, ज्याच्यापासून संस्कृत पद, पदाति आणि आपलं पायदळ आलं. हंगेरियन ग्यालोग म्हणजेही पायी.

जर्मन बावर आणि डॅनिश बोंदे म्हणजे शेतकरी. मंगोलियन हू म्हणजे पोरगा. थायलंडच्या माकरुक खेळात प्याद्याला बिया म्हणतात, म्हणजे कवडी.

राजाचं नाव तरी सगळीकडे सारखंच ना?

अर्थाने बहुतेक सारखंच. मंगोलियात नोयोन, म्हणजे सरदार. रशियन कोरोल आणि हंगेरियन किराय हे शब्द शार्लमेन, म्हणजे कार्ल, या सम्राटाच्या नावावरून आले आहेत.

खरी कमाल फारसी शाहची. आपला ‘शह’ तोच. इंग्रजी चेस आणि चेक, फ्रेंच एशेक, जर्मन शाख, इटालियन स्काक्की सगळे शाहचेच वंशज. रशियन खेळाचं नाव शाखमाती, म्हणजे शह आणि मात. बँकेतला चेकही याच घराण्यातला. मात म्हणजे ‘राजा मेला’ असं सर्रास सांगतात, ते अरबी क्रियापदाकडे बघून. फारसीत मात म्हणजे हतबल, काही सुचेनासा झालेला. पटावरची स्थितीही तीच असते, कारण राजाला प्रत्यक्षात कुणी मारत नाही.

सगळ्यांनी आपापली नावं दिली की नुसतीच उसनी घेतली?

जपानीने इंग्रजी नावं जशीच्या तशी उचलली: किंगू, कुईन, रूकू, बिशोप्पू, नाइतो, पोन. त्यांचा स्वतःचा शोगी हा खेळ असल्याने वेगळी नावं सोयीची पडली. चिनीत उलट झालं. त्यांच्या शियांगची या खेळात हत्ती, गाडी आणि घोडा आधीच होते. तेच शब्द त्यांनी आंतरराष्ट्रीय बुद्धिबळालाही लावले.

चाली लिहिताना कोणती अक्षरं वापरायची?

जागतिक संघटना फिडेच्या नियमांनुसार खेळाडूला स्वतःच्या भाषेतल्या नावाचं आद्याक्षर वापरता येतं. इंग्रजीत राजा के, वजीर क्यू, हत्ती आर, उंट बी. घोड्याचं इंग्रजी नावही के अक्षरानेच सुरू होतं, म्हणून त्याला एन दिलं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत घोडा के-टी असाही दिसतो. रशियनमध्ये अडचण उलटी. तिथे के हा घोडा, कोन, म्हणून राजाला दोन अक्षरं लिहावी लागतात.

आता एक चाल घ्या: ‘आर डी-१’. इंग्रजी वाचणारा हत्ती डी-१ या घरावर ठेवेल. फ्रेंच, स्पॅनिश किंवा इटालियन वाचणारा राजा ठेवेल, कारण रुआ, रेय आणि रे या तिन्हींचं आद्याक्षर आर. जुनं परदेशी पुस्तक उघडून डाव मांडताना दहाव्या-बाराव्या चालीला सगळा गोंधळ झाला, तर आधी भाषा तपासा. हा त्रास टाळायला छापील मजकुरात मोहऱ्यांची चित्रं वापरतात. बेलग्रेडहून १९६६पासून निघालेल्या ‘चेस इन्फॉर्मंट’ने ही पद्धत जगभर रुळवली. युनिकोडमध्येही पांढऱ्या-काळ्या मोहऱ्यांची मिळून १२ चिन्हं आहेत.

मोहरा सरळ करताना फ्रेंच का बोलतात?

‘जादूब’ म्हणजे मी नीट लावतो आहे. तसं न म्हणता स्वतःच्या मोहऱ्याला मुद्दाम हात लावला, तर तोच चालवावा लागतो. हे इंग्रजीत सांगितलं तरी चालतं. चाल खेळायची पाळी तुमची असावी आणि हात लावायच्या आधी म्हणावं, एवढं पाळा.

मुलांना मराठी आणि इंग्रजी नावं एकदम शिकवावीत का?

आधी एकाच भाषेतली पक्की करा. चाली हातात बसल्या की दुसरी नावं मुलं चार दिवसांत उचलतात. स्पर्धेत चाली लिहायची वेळ आली की इंग्रजी अक्षरं शिकवावीत. तेव्हा दोन ठिकाणी हमखास चुका होतात: घोड्यासाठी के लिहिणं आणि हत्तीसाठी एच लिहिणं. सुरुवातीला लेखनपत्रिकेच्या मागच्या बाजूला पाच अक्षरं आणि त्यांच्यासमोर मराठी नावं लिहून सराव करून घ्या. पण स्पर्धेच्या डावात ती पत्रिका चालणार नाही, कारण खेळ चालू असताना कसलीही टिपणं बघायला परवानगी नसते.